इतलासामा काय व्हस?

फुई बासुंदीचं पातेलं घेऊन पंगतीत फिरते तेव्हा ताटावर आडवा हात धरून काही उपयोग नसतो. ती बोटांच्या फटीतून पळी रिकामी करते आणि पुढच्या ताटाकडे सरकता सरकता म्हणते, "इतलासामा काय व्हस?" एवढ्याशाने काय होतंय. अमळनेर तालुक्यात बोरीच्या काठी आमचं गाव आहे. तिथे हे वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकतो आहे. तिसरी बट्टी वाढताना, भाजीवर तेलाची तर्री ओतताना, तापातून उठलेल्या माणसाच्या हातावर पेढा ठेवताना. फुई म्हणजे आत्या. वडील गेल्यावर घरातलं मोठं माणूस तीच, आणि चुलीपाशी तर वडील होते तेव्हाही तीच मोठी होती.

या वाक्यावर पंचविशीच्या सुमारास मी एक उतारा शोधून काढला. "मला दुधाची ॲलर्जी आहे."

मला ॲलर्जीबिलर्जी काही नाही. दूध पचत नाही, इतकंच. कॉलेजात असल्यापासून दुधाचा मोठा पेला घेतला की तासा-दोन तासांत पोट नगाऱ्यासारखं फुगतं, गुरगुरतं आणि मग जवळचा संडास कुठे आहे हे बघावं लागतं. पण नव्या सोयरिकीच्या पंगतीत, व्याही-विहिणींच्या देखत "मला जुलाब होतात" हे कोण सांगणार? ॲलर्जी हा शब्द कसा इस्त्री केलेला, डॉक्टरच्या चिठ्ठीतून आलेला. तो उच्चारला की वाढणारा थबकतो. निदान पहिल्यांदा. दुसऱ्यांदा थबकत नाही, कारण मधल्या काळात त्याने बघितलेलं असतं की हाच माणूस दह्यावर ताव मारतो, पुरणपोळीवर तूप ओतून घेतो आणि बासुंदी फारच जमली असेल तर "बरं, अर्धी वाटी दे" असंही म्हणतो. म्हणतो, खातो, आणि दुसऱ्या दिवशी धडधाकट असतो.

हे धडधाकट असणं आमच्या घराने नीट ध्यानात ठेवलं होतं. ते मला फार उशिरा कळलं.

माझ्या पोटाचं गणित तसं साधं आहे. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, शंभर मिलीला साधारण ५ ग्रॅम. दूध गाईचं असो की म्हशीचं. ती साखर फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. अंगावर पिणाऱ्या बाळाकडे ते भरपूर असतं, पण मोठेपणी जगातल्या बहुसंख्य माणसांत ते कमी होत जातं. म्हणजे साठीतही लोटाभर दूध पचवणारे आमचे काका हेच जगाच्या हिशेबात वेगळे, मी नव्हे. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जंतू तिच्यावर तुटून पडतात, वायू होतो, पाणी खेचलं जातं. एवढीच भानगड. आणि म्हणून इथे सगळं मात्रेवर ठरतं. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे कपभर दूध, फारसा त्रास न होता चालतं, जेवणाबरोबर घेतलं तर आणखी बरं. दह्यातल्या जंतूंनी थोडी साखर आधीच खाऊन टाकलेली असते. तुपात ती जवळजवळ नसतेच. बासुंदीचं मात्र उलटं आहे. दूध आटून निम्मं होतं, पण साखर आटत नाही. वाटीभर बासुंदी म्हणजे दोन वाट्या दूध. खव्याचंही तेच.

तेव्हा माझ्यापुरतं बोलायचं तर फुईचं वाक्य शास्त्रशुद्ध होतं. अर्ध्या वाटीने खरंच काही होत नाही.

माझी धाकटी बहीण पुण्यात असते. तिचा मुलगा रांगता होता तेव्हा त्याला अंगभर इसब होता. गाल, कोपर, गुडघ्यांच्या मागे, सगळीकडे खाजवून लाल. अशा मुलाला तीन वर्षं शेंगदाणा दाखवूसुद्धा नका, असं तिला कुणी तरी ठामपणे सांगितलं होतं आणि तिने ते निष्ठेने पाळलं. साडेतीन वर्षांचा असताना सोसायटीतल्या एका वाढदिवसाला त्याने चिक्कीचा तुकडा चावला. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, मग उलटी. तपासण्या झाल्या. शेंगदाण्याची ॲलर्जी. खरीखुरी.

फोन आला तेव्हा मी जळगावला माझ्या स्वयंपाकघरात उभा होतो. बहीण बोलत होती आणि माझी नजर फळ्यांवरून फिरत होती. पाच लिटरचा शेंगदाणा तेलाचा डबा. कुटाची बरणी. लसणाची चटणी, तिच्यात दाणे. शेवभाजीच्या वाटणात दाणे. खिचडीवर कच्चं तेल. उपवासाची भगर, तिच्याबरोबर दाण्याची आमटी. चिवडा. खान्देशातल्या स्वयंपाकघरातून दाणा काढायचा म्हणजे घरातून भिंती काढण्यासारखं होतं.

भुईमूग हा खरं म्हणजे कवचाच्या मेव्यातला नाहीच, तो डाळींच्या भाऊबंदकीतला, आणि आला दक्षिण अमेरिकेतून. पण आपल्याकडे असा रुळला की पाहुण्याचा मान त्याच्या तेलात मोजतात. लग्नाच्या मांडवात बहीण आचाऱ्याला दबकत विचारते, "तेल कोणतं आहे?" आचारी छाती फुगवून सांगतो, "ताई, एक नंबर शेंगदाणा, घाण्याचं! पाम वगैरे आपल्याकडे नाही." तो बिचारा खात्री देत असतो आणि तिचा चेहरा उतरत जातो. कारखान्यात पूर्ण रिफाइन केलेल्या तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, त्यामुळे ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना ते चालून जातं. घाण्याच्या तेलात दाण्याची प्रथिनं राहतात, आणि ॲलर्जी होते ती प्रथिनांचीच. सध्या लाकडी घाण्याचं जे कौतुक चाललं आहे, त्यात चवीच्या बाजूने मी आहे. भाच्याच्या बाजूने नाही.

नंतर वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट टोचली. इंग्लंडमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या मुलांपेक्षा दहापट आढळली होती, आणि इस्रायलमध्ये बाळं दाण्याच्या कुरकुऱ्या चघळतच मोठी होतात. त्यावरून लंडनच्या डॉक्टरांनी इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना दाण्याचा पदार्थ नेमाने भरवला, निम्म्यांना पाच वर्षं लांब ठेवलं. २०१५ साली निकाल आला. भरवलेल्या मुलांत ॲलर्जीचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास कमी निघालं. आमच्याकडे फुई सहा-सात महिन्यांच्या पोराच्या तोंडात भाजीत बुडवलेलं बोट द्यायची, कुटाची भाजी. अख्खा दाणा कधी नाही, तो नरड्यात अडकतो हे तिला ठाऊक होतं. अर्थात इतका इसब असलेल्या बाळाला पहिलं बोट डॉक्टरांना विचारून चाटवावं हेच खरं, आणि बोट चाटवल्याने प्रत्येक मूल वाचतंच असंही नाही. बहिणीला मी हे कधी वाचून दाखवलं नाही. तिने ते माझ्याआधी वाचलं आहे, हे तिच्या गप्प बसण्यावरून कळतं.

आता त्या मार्गशीर्षातल्या संध्याकाळकडे येतो. भाचा सहा वर्षांचा होता. शेतात भरीत करायचं ठरलं होतं. थंडीत आमच्याकडे पाहुणे आले की दुसरं काही ठरतच नाही. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात भरताची मोठी फिक्या हिरव्या रंगाची वांगी, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात. आणि बडगी.

ज्यांनी बडगी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाचा एक ओंडका आतून कोरलेला, उथळ, परातीपेक्षा खोल. तिच्यात भाजलेलं वांगं, तळलेल्या मिरच्या, लसूण, दाणे, खोबऱ्याचे काप घालून लाकडी मुसळीने ठेचतात. फुईची बडगी तिच्या आईची, म्हणजे माझ्या मोठ्या मायची. आतून काळीभोर, तुकतुकीत. बुडाशी केसाएवढी बारीक चीर, जी मी लहानपणापासून बघतो आहे. चार दशकं तिच्यात तेल आणि दाणे मुरले आहेत. भरताला चव येते ती या मुरण्याचीच, असं फुई सांगते, आणि मी ते जळगावच्या मित्रांना मोठ्या तोऱ्यात सांगत आलो होतो.

त्या दिवशी फुईने जिवाचं रान केलं. भाच्याचं वांगं सगळ्यांच्या आधी भाजलं. त्याच्यासाठी सूर्यफुलाच्या तेलाची वेगळी पिशवी आणवली. मिरची नावाला, दाणा एकही नाही. बडगी सकाळी राख लावून कढत पाण्याने धुतली, दिवसभर उन्हात पालथी घातली. मी स्वतः बघितलं. आम्ही सगळे स्वतःवर खूश होतो. निघताना बहिणीने औषधांची पिशवी उचलली तेव्हा मीच म्हणालो, "अगं, फुईने सगळं वेगळं केलंय, ती कशाला शेतात नाचवतेस?" तिने ती खुंटीला परत अडकवली.

भाचा माझ्या शेजारी बसून खात होता. चौथा-पाचवा घास असेल. म्हणाला, "मामा, जिभेवर काटे आलेत."

मी हसलो. भरीत खाताना पोराच्या डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय, जाळाचा धूर तोंडावर. खान्देशात याला काही झालं आहे असं कोण म्हणेल? फुई म्हणाली, "तिखं लागनं व्हई त्याले, गूय दे." मी गुळाचा खडा दिला. त्याने तो तोंडात धरला आणि खोकायला लागला. ठसका लागल्यासारखा नाही. कोरडा, घसा खरवडणारा, थांबत नसलेला. बहीण बायकांत बसली होती, पन्नास पावलांवर. ती त्या खोकल्यावर उठली. तिने त्याच्या नाकाकडे बघितलंच नाही, सरळ सदऱ्याची बटणं उघडून मान बघितली. मानेवर गांधी होत्या. मागून कुणी म्हणालं, "पित्त उठनं, घरमा आमसूल शे का?" आपल्याकडे गांधी उठल्या की पित्तच उठतं. आमसुलाचं पाणी लावायचं, घोंगडी पांघरून बसवायचं. दहातल्या नऊ वेळा त्या आपोआप बसतातही. पोराने उलटी केली आणि मग गप्प झाला. दंगेखोर पोराचं ते गप्प होणं मला अजून झोपेत ऐकू येतं.

पिशवी खुंटीला होती. गाडीला किक मारून घरी जाणं आणि परत येणं, नऊ मिनिटं लागली असतील.

पिशवीत ॲड्रेनलिनच्या दोन काचेच्या कुप्या होत्या आणि दोन सिरींजा. स्वतःहून टोचणारं पेन परदेशात सहज मिळतं, आपल्याकडे सहसा मिळत नाही. म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी कुपी फोडून औषध भरायला बहिणीला शिकवलं होतं आणि सिरींजवर निळ्या स्केचपेनने रेघ मारून दिली होती. वीस किलोच्या पोराला ०.२ मिली. रेघेपर्यंत भरायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं. तिचा हात थरथरत होता, पण रेघ थरथरत नव्हती. टोचल्यावर तिने त्याला पोत्यांवर आडवं केलं, पायाखाली दुसरं पोतं सरकवलं आणि मला म्हणाली, "उचलू नकोस, उभं करू नकोस." खाजेचं औषधही पिशवीत होतं. ते तिने नंतर दिलं. त्याने गांधी बसतात, पण बंद होत चाललेला घसा उघडत नाही आणि पडत चाललेला रक्तदाब वर येत नाही. ते काम एकट्या ॲड्रेनलिनचं, आणि ते लवकर दिलं तर. पाचेक मिनिटांत त्याच्या ओठांवर रंग आला. चुलतभावाची मोठी गाडी बांधावर उभी होती, तीत आडवं टाकूनच त्याला अमळनेरला नेलं. रात्रभर ठेवून घेतलं, कारण उतरलेला झटका काही तासांनी पुन्हा येऊ शकतो. आला नाही.

दवाखान्याच्या बाकावर रात्री दोनच्या सुमाराला बहीण म्हणाली, "दादा, तू सगळ्यांना सांगत आलास ना, मला दुधाची ॲलर्जी आहे म्हणून?"

मी काहीच बोललो नाही.

"यांना वाटतं, ॲलर्जी म्हणजे तुला होतं ते."

ती रागावून बोलत नव्हती. थकून बोलत होती. वीस वर्षं मी तो शब्द बासुंदी टाळण्यासाठी वापरला, आणि बासुंदी आवडली की बाजूला ठेवला. खोट्या नाण्यासारखा तो आमच्या घरात फिरून गुळगुळीत झाला होता. माझ्या बहिणीने तिच्या मुलासाठी तोच शब्द काढला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या, काळजी घेतली, जीव ओतला. पण त्या काळजीच्या तळाशी मी होतो: अर्धी वाटी खाऊन धडधाकट असलेला भाऊ. म्हणून तर मीसुद्धा पिशवी खुंटीला लावायला सांगितली.

हा शब्द आहे १९०६ सालचा. व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के नावाच्या बालरोगतज्ज्ञाने तो घडवला. त्याच्या चार वर्षं आधी फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी कुत्र्यांना समुद्रफूल नावाच्या सागरी प्राण्याचं विष टोचून बघितलं होतं. पहिल्या डोसातून सावरलेल्या कुत्र्यांना काही आठवड्यांनी त्याहून कितीतरी कमी विष दिलं. दुसऱ्यांदा ती सरावलेली असतील, सोसतील, अशी अपेक्षा. कुत्री मिनिटांत कोसळली. रिशे यांनी या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस म्हटलं आणि १९१३ साली त्यांना नोबेल मिळालं. फुईचं वाक्य फ्रेंचमध्ये त्यांच्याही मनात येऊन गेलं असेल, कुणी सांगावं.

शरीर एकदा एखादं प्रथिन शत्रू म्हणून नोंदवून ठेवतं, आयजीई नावाच्या प्रतिपिंडाने, आणि मग तो शत्रू एकटा येतो की फौजेसह, हे मोजत बसत नाही. बडगीच्या चिरेतून कढत वांग्यात किती दाणा उतरला असेल? डोळ्यांना दिसणार नाही इतका. दुधाचीसुद्धा अशी खरी ॲलर्जी असते, बहुधा तान्ह्या मुलांना. ती साखरेची नसते, प्रथिनांची असते. तिथे दही-ताकही चालत नाही आणि आपल्याकडे हमखास सुचवलं जाणारं शेळीचं दूधही चालत नाही, कारण प्रथिनं जवळपास तीच. माझ्याशी त्या मुलांचा संबंध दूध या शब्दापुरता.

मग घरात आणखी एक प्रकरण निघालं, किंवा होतंच, त्याला नाव मिळालं. धाकट्या काकांची सून, माझी वहिनी, लग्न होऊन आली तेव्हापासून काडी. रक्त कमी, सतत थकलेली, पोट बिघडलेलं. "खाल्लेलं अंगी लागत नाही" यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि ते शब्दशः खरं निघालं. सिलिॲक. गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उठतं. ही ॲलर्जी नाही आणि माझ्यासारखी न पचण्याची कुरबूरही नाही, तिसरंच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ साली, हॉलंडमध्ये उपासमार झाली. पाव मिळेना, तेव्हा डिके नावाच्या डॉक्टरने पाहिलं की बाकी मुलं खंगताहेत आणि या आजाराची मुलं सुधारताहेत. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. वहिनीची रक्ततपासणी आधी करून मगच डॉक्टरांनी गहू बंद केला, ते बरं झालं. गहू आधीच सोडला असता तर तपासणीत कदाचित काही दिसलं नसतं.

खान्देशात राहून गहू सोडणं सोपं, असं आम्हाला वाटलं. ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी, कळणं म्हणजे ज्वारी आणि उडीद. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सांजोऱ्या आणि खापरावरची पुरणपोळी सोडली की झालं. सहा महिने तिला म्हणावा तसा उतार पडेना. मग एक दिवस चुलतभाऊ स्वतः दळण घेऊन गेला आणि गिरणीत उभा राहिला. पुढच्या गिऱ्हाइकाचे गहू संपले, गिरणीवाल्याने चक्कीला दोन थापा मारल्या आणि त्याच तोंडात हिची ज्वारी ओतली. पहिलं पीठ पडलं ते पिवळसर. अशा माणसांना दिवसाला ५० मिलीग्रॅम ग्लुटेनही रोज गेलं तर आतड्याला इजा होते, म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम गव्हाचं पीठ. पोळी लाटताना पोलपाटावर भुरभुरवतो त्याहून कमी. त्यात उडदाचे पापड, त्यात हिंग, आणि बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ. आता घरात छोटी चक्की आहे. तिच्यात गहू पडत नाही. वहिनीचे गाल भरले आहेत आणि तिला कुणी "अंगी लागत नाही" म्हणत नाही.

या सगळ्या धामधुमीत मलाही वाटलं, आपली पण एकदा काय ती खरी तपासणी होऊन जाऊ दे. जळगावला एका शिबिरात दोनशे पदार्थांची रक्ततपासणी होती. चांगले पैसे मोजले. रंगीत अहवाल आला. गहू, तूर, वांगं, केळं, लसूण, शेंगदाणा: सगळ्यांपुढे लाल पट्ट्या. म्हणजे मी खान्देश सोडून जावं असाच तो अहवाल होता. पोटाच्या डॉक्टरांनी तो बघितला आणि पाठकोऱ्या कागदासाठी ठेवा म्हणाले. ती आयजीजी नावाच्या दुसऱ्या प्रतिपिंडाची तपासणी होती. आपण जे खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी रक्तात असतंच, ते खाल्ल्याची पावती असते. आयजीईची तपासणी खऱ्या ॲलर्जीसाठी उपयोगी, पण तीही एकटी पुरत नाही. कर्नाटकात प्रौढांची पाहणी झाली होती, तीत सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धचं आयजीई सापडलं. ॲलर्जी असण्याचा संभव मात्र १.२ टक्क्यांनाच निघाला. म्हणून डॉक्टर आधी हकिगत विचारतात. काय खाल्लं, किती वेळाने झालं, दर वेळी होतं का. वांगं खाल्लं की तोंडाला खाज सुटणारे आमच्याकडे घरटी एक आहेत. वांग्यातच हिस्टामिन असतं, त्यामुळे ॲलर्जी नसतानाही असं होऊ शकतं. माझ्या बाबतीत त्यांनी दोन आठवडे दूध बंद करायला लावलं, मग हळूहळू वाढवत नेलं, वहीत लिहायला सांगितलं. एक कप. दीड कपाला गुरगुर. एक पैसा लागला नाही.

पाकिटांवर आता शेंगदाणा, दूध, गहू, सोया, अंडं वगैरे असलं तर तसं छापावं लागतं, कायदा आहे. भाचा अक्षर लावायला शिकला तो पाकिटांच्या मागच्या बाजूवर. पंगतीला मात्र मागची बाजू नसते.

त्या रात्री आम्ही अमळनेरला होतो तेव्हा फुई शेतातून घरी येऊन बडगी घासत बसली होती. चुलतबहिणीने नंतर सांगितलं, पहाटे चारपर्यंत. राख, चिंच, सोडा, कढत पाणी. सकाळी मी पोचलो तेव्हा ती ओट्यावर होती, बडगी मांडीवर. बोटांची साल निघाली होती. म्हणाली, "मी धोयेल व्हती रे भाऊ." मी म्हणालो, मी बघितलं होतं फुई. मग ती चिरेतून नख फिरवत राहिली. नखात काळं काही आलं, ते तिने पदराला पुसलं, पुन्हा नख घातलं, पुन्हा आलं.

बडगी अजून आहे. भाचा आला की ती माळ्यावर जाते आणि त्याचं भरीत स्टीलच्या नव्या पातेल्यात, नव्या मुसळीने होतं. चव नाही लागत. तो म्हणतो, मस्त आहे.

फुई बहुतेकांना अजून "इतलासामा काय व्हस?" म्हणते. ते बंद होणार नाही आणि व्हावं असंही मला वाटत नाही. पण आता कुणी ताटावर हात धरून ॲलर्जी, पथ्य असं काही म्हणालं की ती पळी वरच थांबवते आणि विचारते, "पोटनं का जीवनं?" तिची स्वतःची विभागणी आहे. वहिनीसाठी तिने तिसरा शब्द केला आहे, "आतडानं". पाहुणे गोंधळतात. एकदा एका नव्या जावईबापूंना पोटाचं की जिवाचं हे ठरवता येईना, तेव्हा सगळी पंगत खोळंबली होती.

गेल्या आखाजीला पुरणपोळ्या झाल्या, आणि रस होता तरी फुईने हौसेने बासुंदीही केली. ती माझ्यापर्यंत आली. मी सवयीने हात आडवा धरला.

"तुनं कोनतं?" तिने विचारलं. तिला माहीत होतं. बाजूला भाचा बसला होता, समोर सगळे.

"पोटनं," मी म्हणालो. "जास्त खाल्लं की जुलाब होतात."

कुणी तरी खुसकन हसलं. फुई हसली नाही. तिने वाटी उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि बाहेरून मधोमध बोट टेकवलं.

"आठे?"

"थोडं खाली."

तिने बोट खाली सरकवलं आणि तेवढीच वाढली.